नवीन पिल्लू रात्रभर रडते? पहिल्या रात्रींत या चुका टाळा

भाद्रपद हा गावातील कुत्र्यांच्या माजाचा काळ. कुत्रीची गर्भावस्था साधारण ६३ दिवसांची असल्यामुळे आपल्याकडील बरीचशी पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात आणि घरोघरी वाटली जातात तेव्हा पौष-माघ सुरू असतो. नागपूर-गोंदियाकडे रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरण्याचे हेच दिवस असतात. वावरात गहू-हरभरा उभा असतो, रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांचा त्रास असतो, जागलीला सोबत हवी म्हणून पिल्लू आणले जाते आणि पहिल्याच रात्री ते घराची व शेजाऱ्यांची झोप उडवते. त्यानंतर जे उपाय केले जातात, त्यांतील बरेचसे उपाय रडणे वाढवणारे असतात.

मूळ गोष्ट एकच आहे. आतापर्यंत हे पिल्लू आईच्या पोटाशी, चार-पाच भावंडांच्या ढिगात झोपत आले आहे. एकटे पडल्यावर ओरडून आईला बोलावणे ही त्याची जन्मजात सवय आहे, कारण रानात एकट्या पडलेल्या पिल्लाला आईने ऐकले नाही तर ते जगत नाही. म्हणून त्याचे रडणे हा हट्ट समजून मोडून काढायला गेले की भीती वाढते. जवळ कोणीतरी आहे एवढी खात्री त्याला पटली, की बहुतेक पिल्ले काही रात्रींतच शांत होतात.

फार लवकर आईपासून तोडणे

लहान असतानाच आणले तर माया लागते, या समजुतीने महिन्याभराचे पिल्लू उचलून आणण्याची पद्धत अनेक गावांत आहे. पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते मऊ अन्न चाटू लागते. परंतु दात किती जोराने लावायचे, भावंड कळवळले की कधी सोडायचे, हे शिकण्याचे आठवडे त्यानंतरचे असतात. त्यामुळे ८ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिल्लू आणू नये. त्याआधी आणलेले पिल्लू रात्री जास्त रडते, त्याला ऊब टिकवता येत नाही आणि पुढे ते चावरे निघण्याची शक्यताही अधिक असते.

आणताना शक्यतो सकाळी आणावे. संध्याकाळी आणलेल्या पिल्लाला घर, माणसे, वास आणि अंधार हे सगळे एकाच वेळी नवे असते. सकाळी आणलेले पिल्लू दिवसभरात जागा हुंगून घेते. सोबत तरटाचा किंवा जुन्या लुगड्याचा एक तुकडा आईच्या अंगावर आणि भावंडांवर चांगला घासून आणावा. तो धुऊ नये. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंथरुणात तो तुकडा असला की फरक स्पष्ट जाणवतो.

पहिल्याच रात्री गोठ्यात किंवा अंगणात बांधणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. तिच्यामागचा विचार समजण्यासारखा आहे: कुत्रा राखणीसाठी आणला आहे, घरात घेतला तर तो लाडावेल आणि मग राखण करणार नाही, असे वडीलधारी मंडळी सांगतात. मला हा विचार पटत नाही. कुत्र्याच्या स्वभावाचा पाया साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात घातला जातो, आणि या काळात रात्रीमागून रात्र भीतीत काढलेले पिल्लू मोठेपणी धीट होण्याऐवजी भित्रे होते. भित्रा कुत्रा पानाच्या सळसळीवरही भुंकतो, घरच्या पोरावर धावून जातो आणि खरा प्रसंग आला की शेपूट घालून मागे सरकतो. माणसावर विश्वास ठेवायला शिकलेला कुत्रा पुढे वावरातही माणसाजवळ ठाम उभा राहतो.

शिवाय गोठ्यात बैलांच्या खुरांखाली पिल्लू सापडू शकते. गळ्यातील दोरी खुंट्याभोवती गुंडाळून फास बसू शकतो, त्यामुळे एवढ्या लहान पिल्लाला रात्री दोरीने बांधूच नये. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच किंवा मेळघाटच्या आसपासच्या गावांत तर हे सांगायलाही नको. बिबट कुत्र्यासाठी थेट अंगणापर्यंत येतो, आणि एकटे रडणारे पिल्लू त्याला आयतेच बोलावणे असते.

त्याऐवजी पहिले काही दिवस पिल्लाला झोपायला अशी जागा द्यावी की ते माणसाला पाहू, हुंगू आणि ऐकू शकेल. एक खोल टोपले किंवा पुठ्ठ्याचे मोठे खोके घ्यावे, तळाशी दुमडलेले पोते, त्यावर जुन्या वाकळीचा तुकडा आणि कोपऱ्यात आईच्या वासाचे ते तरट ठेवावे. भंडारा-गोंदियाकडे धानाची तणीस सहज मिळते, ती पोत्याखाली घालण्यास उत्तम. सोयाबीनचे कुटार मात्र टोचते. हे टोपले बाजेला अगदी लागून ठेवावे.

पिल्लू कुरकुरू लागले की दिवा लावू नये, उचलून घेऊ नये, बोलूही नये. बाजेवरून हात खाली सोडून टोपल्याच्या काठाच्या आत नुसता ठेवावा. ते हात हुंगते, एकदोनदा चाटते, नाक तळव्यात खुपसते, मग गोल फिरून त्याच बाजूला अंग टाकते. त्याचा श्वास लांब झाला की हात हळूच काढून घ्यावा. मध्यरात्री पुन्हा आवाज आला तर पुन्हा हेच करावे.

पिल्लू सलग दोन-तीन रात्री न रडता झोपू लागले की टोपले बाजेपासून हातभर दूर सरकवावे. त्या जागेवरही ते स्थिरावले की दाराजवळ, मग दार उघडे ठेवून सपरीत म्हणजे ओसरीवर, अशी जागा बदलत न्यावी. एखाद्या टप्प्यावर रडणे परत सुरू झाले तर मागच्या जागेवर आणून दोन दिवस थांबावे. घाई केली की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

दटावणे, आणि कंटाळून उशिरा दार उघडणे

रडणाऱ्या पिल्लावर पाणी फेकणे, चप्पल आपटणे किंवा चापट मारणे यामुळे ते क्षणभर गप्प होते. ते समजले म्हणून गप्प झालेले नसते, घाबरून दबलेले असते. त्याची भीती रात्रीशी आणि त्या जागेशी जोडली जाते व दुसऱ्या दिवशी ते तेथे जायलाच तयार होत नाही.

दुसरी चूक तितकीच नुकसानकारक आहे. पिल्लाला वेगळ्या खोलीत कोंडायचे, तासभर रडू द्यायचे आणि आवाज अगदी टिपेला पोहोचला की वैतागून उचलून आणायचे. यातून पिल्लू एकच धडा घेते: थोडे रडून भागत नाही, खूप रडावे लागते. जवळ घ्यायचे असेल तर ते झोपण्यापूर्वीच, शांत असताना घ्यावे. घरातील एकाने हात द्यायचा आणि दुसऱ्याने ओरडायचे, असेही होऊ नये. आजी, सूनबाई, मुले या सर्वांचे आधीच ठरलेले असावे.

रात्रीची लघवी विसरणे

दोन महिन्यांचे पिल्लू रात्री साधारण तीन, फार तर चार तास लघवी धरू शकते. गाढ झोपेतून उठून टोपल्यात येरझारा घालणे, काठ खरवडणे आणि तुटक कुरकुर करणे हे सहसा त्याचे लक्षण असते. अशा वेळी त्याला न बोलता उचलून रोज अंगणातील एकाच ठिकाणी न्यावे, उरकले की हळू आवाजात शाबासकी द्यावी आणि लगेच परत टोपल्यात ठेवावे. बाहेर खेळवले, तर ते रोज खेळायला उठवू लागेल. जाताना हातात बॅटरी आणि पायात चप्पल असावी, विशेषतः पावसाळ्यात, कारण विंचू आणि मण्यार रात्रीच फिरतात. टोपल्यात घाण झालीच तर निमूट साफ करावी. नाक घासण्याची रीत निरुपयोगी आहे.

निजताना दूध पाजणे

रडते म्हणजे भूक लागली, असे धरून रात्री गाई-म्हशीचे दूध पाजले जाते. आईचे दूध सुटल्यावर अनेक पिल्लांना हे दूध पचत नाही, पोट फुगते, जुलाब होतात आणि त्यामुळे ते आणखी रडते. या वयात दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे: मऊ भात किंवा भिजवलेली भाकर, उकडलेले अंडे, हाडे काढलेले शिजवलेले कोंबडीचे मांस. घरच्या वरणात कांदा असेल तर ते देऊ नये, कांदा कुत्र्याला विषारी असतो. शेवटचे खाणे निजण्याआधी दोन-तीन तास उरकावे. पाणी दिवसभर समोर असू द्यावे.

ऊब देताना होणारे अपघात

थंडीत पिल्लू ऊब शोधत चुलीच्या राखेत जाऊन झोपते. वरून राख गार लागते, आत निखारा असतो आणि पंजे व पोट भाजते; म्हणून रात्री चुलीचे तोंड पत्र्याने झाकावे. टोपल्यावर विजेचा दिवा टांगणे किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणेही धोक्याचे आहे, शेगडीचा धूर तर माणसांच्याही जिवावर बेततो. कोमट केलेली वीट तरटात दोन-तीन पदरी गुंडाळून, किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यात बांधून टोपल्याच्या एका बाजूला ठेवावी. ती आपल्या गालाला सुखद वाटावी, चटका बसू नये. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे गरम झाल्यावर पिल्लू स्वतः सरकेल. उन्हाळ्यात, अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, प्रश्न उलटा असतो: ओल्या तरटाजवळ, हवेशीर जागी ठेवावे, पण कूलरचा झोत थेट अंगावर नको.

दिवसभर छेडणे

पिल्लाला दिवसरात्र मिळून १८ ते २० तास झोप लागते. शाळा सुटल्यावर मुलांनी त्याला हातोहात फिरवले तर ते थकून शांत झोपेल असे वाटते, पण अतिथकलेले पिल्लू चिडचिडे होते, चावे घेते आणि अंग टाकायलाच तयार होत नाही. दुपारची झोप कोणी मोडू नये. संध्याकाळी थोडे हुंगू द्यावे, हळू खेळवावे आणि निजण्याआधीचा अर्धा-पाऊण तास घर शांत असावे. खेळताना दात लागून ओरखडा उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे; लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो.

औषध देऊन झोपवणे, आणि आजार न ओळखणे

माणसांचे खोकल्याचे किंवा झोपेचे औषध, दारूचे थेंब, तापाची गोळी यांतील काहीही पिल्लाला देऊ नये. मात्रा थोडी चुकली तरी जीव जातो. अंग खाजवून रात्रभर जागणाऱ्या पिल्लाच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आणि पोटाखाली पिसवा पाहाव्यात, पण बैलांना लावायचे गोचिडांचे औषध त्याला चोळू नये. पोट नगाऱ्यासारखे टणक असेल तर बहुधा जंत असतात, आणि ते घरोघरी आढळतात. जंताचे औषध वजनानुसार पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्यावे. तेथेच लसींचे वेळापत्रक लिहून घ्यावे: पार्वो व डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास, त्यानंतर ठरावीक अंतराने पुढचे डोस, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर.

रडणारे पिल्लू बहुधा निरोगी असते. काल ओरडणारे पिल्लू आज एकाएकी निपचित पडले, अन्नाकडे वळेना, उलट्या होऊ लागल्या किंवा रक्तमिश्रित, उग्र वासाचे जुलाब झाले, तर ते शांत झोपले असे समजू नये. हा पार्वो असू शकतो आणि त्यात एका दिवसात अंगातील पाणी संपते. सकाळ होताच तालुक्याचा दवाखाना गाठावा, तेथे सोय नसेल आणि नागपूर जवळ असेल तर सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना गाठावा, आणि जाताना पिल्लाला कोरड्या पोत्यात गुंडाळून, इतर कुत्र्यांपासून दूर ठेवून न्यावे.