काठी माशीसाठी, रीळ माशासाठी

मोठ्या सॅमनच्या तयारीला लागलेला माणूस बहुधा आधी काठी विकत घेतो. मीही तेच केलं, आणि पुढचे दोन हंगाम त्या काठीला शोभेल अशी बाकीची सामग्री शोधण्यात घालवले. यादी उलट्या टोकाने करावी, गळापासून काठीकडे. फ्लाय फिशिंगमध्ये माशी, म्हणजे गळाला लावलेलं पिसांचं-केसांचं नकली आमिष, स्वतःच्या वजनाने लांब जात नाही. तिला ओढून नेते ती लाइन, म्हणजे जाड, वजनदार दोरी, आणि लाइनला फेकते ती काठी. म्हणजे काठी किती दणकट हवी हे मुख्यतः माशी ठरवते. माशाशी खरी झटापट होते ती रिळाची आणि तंगुसाची, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधल्या बारीक, पारदर्शक धाग्याची. मासा आणि माशी यांतली ही गल्लत खिशाला महाग पडते.

तेव्हा पहिली नोंद नदीची. ज्या आठवड्यात जायचं त्या आठवड्यात पाणी किती थंड, किती खोल आणि किती वेगवान असतं, हे तिथल्या वाटाड्याला विचारून कागदावर लिहून घ्या. अटलांटिक सॅमन नदीत शिरला की खाणं जवळजवळ सोडतो, त्यामुळे भूक हा आपल्या उपयोगाचा धागा नाही. माशी त्याच्या नजरेच्या टप्प्यात, बेताच्या वेगाने आडवी गेली पाहिजे. पाणी साधारण 10 अंश सेल्सियसच्या खाली असेल तर मासा सुस्त असतो. अशा वेळी मोठी माशी खोल आणि सावकाश फिरवावी लागते. त्याच्या वर गेलं की लहान माशी आणि तरंगती लाइन चालते. पॅसिफिकचा किंग सॅमन मात्र बहुधा तळालगतच राहतो, त्याच्यासाठी खोलीची तयारी हवीच.

आता माशांची डबी (इथे माशी या शब्दाचं अनेकवचन घ्यावं). शंभर नमुने गोळा करण्याचा मोह होतो. मी सहा-सात नमुन्यांवर आलो आहे, पण प्रत्येक नमुना तीन वजनांत ठेवतो: प्लास्टिकच्या, अॅल्युमिनियमच्या आणि पितळेच्या नळीवर बांधलेला. सनरे शॅडो आणि विली गन हे दोन त्यात असतातच. नळीवरच्या माशीचा एक फायदा असा की मासा लागल्यावर नळी तंगुसावर वर सरकू शकते आणि लांब दांड्याच्या गळासारखी तरफ माशाच्या हाती लागत नाही. गळ स्वतंत्र असल्यामुळे बोथट झाला तर तेवढाच बदलता येतो. नखावर टेकवून पाहा, घसरला तर धार लावा किंवा फेकून द्या. कित्येक नद्यांवर एकेरी, उलटा काटा नसलेलाच गळ चालतो. तिथला नियम वाचूनच खरेदी करा, नाहीतर डबीतले सगळे तिहेरी गळ शोभेचे ठरतात.

तंगुसाबद्दल कंजुषी नको. मोठ्या माशासाठी 20 पौंडांचा धरून चाला, किंग सॅमनला किंवा खडकाळ पात्रात 25 पौंडांचा. बुडत्या टिपला, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायच्या बुडणाऱ्या तुकड्याला, तो तीन-चार फूटच ठेवायचा. लांब ठेवला तर टिप खाली जाते आणि माशी वरच रेंगाळते. तरंगत्या लाइनवर मात्र काठीइतका लांब चालतो. गाठी घरी शिका, ओल्या करून आवळा आणि ताणकाट्याला लावून तुटेपर्यंत ओढून पाहा. स्वतःची गाठ किती पौंडांना सुटते हे आकड्यात कळलं की नदीवर हात थरथरत नाहीत.

यादीतला सगळ्यात निसरडा भाग म्हणजे लाइन, आणि इथे आकडे फसवतात. एका हाताने वापरायच्या 10 नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट ठरलेल्या मानकाप्रमाणे 280 ग्रेनचे असतात (ग्रेन हे वजनाचं बारीक माप). दोन हातांच्या काठीवरही 10 लिहिलेलं असतं, पण तिला साधारण 600 ते 700 ग्रेनचं हेड, म्हणजे लाइनचा पुढचा वजनदार भाग, लागतं. नंबर तोच, वजन दुपटीहून जास्त. म्हणून नंबर विसरा, ग्रेन विचारा. हेडचे प्रकारही माशीच्याच मागोमाग येतात. स्कॅजिट हेड आखूड आणि जाड असतं, जड टिप आणि पितळी माशी पाण्यातून उचलून फेकायला तेच हवं. स्कँडी हेड लांबट आणि निमुळतं असतं, ते हलक्या माशीला हळुवार उतरवतं. दोन्ही घेतलीत तर उत्तम. एकच परवडत असेल तर थंड, भरलेल्या नदीला स्कॅजिट. बुडत्या टिपांत टी-14 नावाची मिळते, ती फुटाला 14 ग्रेन भरते, म्हणजे 10 फुटांची टिप 140 ग्रेनची. टाइप 3 आणि टाइप 6 या नावांतला आकडा म्हणजे टिप सेकंदाला साधारण किती इंच बुडते तो. तीन टिपा पाकिटात ठेवा आणि पाकिटांवर ठळक अक्षरात लिहा. पहाटेच्या अंधुक उजेडात सगळ्या टिपा काळ्याच दिसतात.

एवढं ठरलं की काठी आपोआप ठरते. रुंद नदी, जड टिप असेल तर 14 ते 15 फुटांची, 9 किंवा 10 नंबरची दोन हातांची काठी. अरुंद पात्रात 13 फूट पुरे. होडीतून किंवा छोट्या नदीत 9 फुटांची एका हाताची 9 वा 10 नंबरची. काठी फार ताठ असली की दणकट वाटते, पण दिवसभरात खांदा उतरवते. स्कॉटलंडच्या डेव्हरॉन नदीवर 1924 साली मिसेस मॉरिसन यांनी 61 पौंडांचा, म्हणजे सुमारे 27.7 किलोचा सॅमन माशीवर काढला, तोही आजच्या कार्बनच्या काठ्या येण्याच्या कितीतरी आधी. जोडकाठीच्या सांध्यांवर चिकटपट्टी गुंडाळायला विसरू नका. दोन हातांच्या फेकीत सांधा फिरून सैल होतो आणि टोकाचा तुकडा नदीत जाऊ शकतो.

रिळावर मात्र पैसे मोकळ्या हाताने खर्चावेत. मोठा सॅमन प्रवाहाच्या दिशेने सुटला की हेड, त्यामागची बारीक रनिंग लाइन आणि रिळाच्या तळाशी गुंडाळलेला राखीव दोरा, म्हणजे बॅकिंग, बघता बघता निघून जातं. 30 पौंडांचं बॅकिंग किमान 200 मीटर बसलंच पाहिजे. रिळाच्या खोक्यावरची क्षमता पुष्कळदा एका हाताच्या पातळ लाइनसाठी लिहिलेली असते, तेव्हा आपलं जाड हेड सोबत नेऊन भरून पाहा. ब्रेकची ताकद दुय्यम, तो सुटताना झटका देतो का हे महत्त्वाचं. रीळ पाण्यात बुडवून लाइन हाताने जोरात ओढा. पहिल्या वितीला अडखळला तर नको. ताणकाट्यावर ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त लावू नका, बाकीचं काम रिळाच्या कडेवर दाबलेला तळहात करतो.

वेडर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार), कमरपट्टा, चालायची काठी, फुगणारं जॅकेट, पोलराइज्ड चष्मा आणि टोपी याबद्दल फार बोलायला नको, फक्त चष्मा आणि टोपी पितळी माशी फेकताना काढायची नाही. नॉर्वेत जायचं असेल तर सामान निर्जंतुक करून घ्यावं लागतं, कारण जायरोडॅक्टिलस सलारिस या परजीवीने तिथल्या कित्येक नद्यांतले सॅमन मारले आहेत. स्कॉटलंडमध्ये 1 एप्रिलच्या आधी पकडलेला सॅमन सोडूनच द्यावा लागतो. परवाना आणि हे नियम एकाच पाकिटात ठेवा.

शेवटी, मासा हाती आल्यावर लागणाऱ्या गोष्टी आधीच खिशात हव्यात: लांब चिमटा, गाठी नसलेल्या रबरी जाळ्याची मोठी झोळी आणि मोजपट्टी. वजनकाटा नको, मासा टांगला की त्याला इजा होते. लांबी आणि घेर इंचांत घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 800 केलं की पौंडांत ढोबळ वजन मिळतं. 40 इंच लांबी आणि 21 इंच घेर म्हणजे सुमारे 22 पौंड. हे सगळं मासा पाण्यात असतानाच करायचं, हात ओले ठेवून. तो गेला की तंगुसाचा शेवटचा हातभर तुकडा बोटांनी चाचपून कापून टाका आणि गाठ नव्याने मारा, मगच पुढची फेक.