मोहाच्या तेलावर हवामानाचा परिणाम कसा बघायचा

थंडीत मोहट्यांचं (मोहाच्या बियांचं) तेल बाटलीत गोठतं हे ज्यांच्या घरी ते असतं त्यांना माहितीये, पण समुद्राकाठच्या डहाणूचं तेल आणि धडगावच्या डोंगरातलं तेल एकाच गारठ्यात सारखंच गोठतं का? हे बघायला सुरुवातीला लॅब लागत नाही.

आधी कारण समजून घ्या. तेल वेगवेगळ्या फॅटी अ‍ॅसिडांचं बनलेलं असतं. मोहाच्या तेलात ढोबळमानाने 40 टक्क्यांच्या आसपास ओलिक, पामिटिक नि स्टिअरिक प्रत्येकी विसेक टक्के, उरलेलं बहुतेक लिनोलिक. स्टिअरिक एकटं घेतलं तर 69 अंशाला वितळतं, ओलिक 13 ला, लिनोलिक तर शून्याखाली 5 ला. बी भरताना हवा गार असली की बऱ्याच तेलबियांत ओलिकचं लिनोलिक करणारं एन्झाइम जोरात चालतं, उकाड्यात मंदावतं, सूर्यफुलात तर रात्री गरम असल्या की ओलिक वाढतं. म्हणून वर्षाची सरासरी लिहून काही उपयोग नाही हो, फुलं गळून संपल्यापासून मोहट्या पडेपर्यंतचं रोजचं किमान-कमाल तापमान लिहा, रात्रीचं तर नक्कीच.

दुसरी गोष्ट, झाडाझाडात जन्मतःच फरक असतो, त्यामुळे सगळ्या मोहट्या एका पोत्यात भरल्या की हवामानाचा परिणाम कुठला नि झाडाचा कुठला ते कळणारच नाही. दोन्ही ठिकाणी पाच-सहा झाडांना खूण करा, दरवर्षी तीच झाडं घ्या, प्रत्येकाचं बी वेगळं वाळवा, तेलही वेगळं गाळा. ओलं राहिलेलं, बुरशी आलेलं बी सरळ टाकून द्या.

आता टेस्ट. तेल 60 अंशापर्यंत गरम करा म्हणजे आधीची गोठण पूर्ण विरघळते, मग सारख्या छोट्या बाटल्यांत ओतून पाण्याच्या भांड्यात ठेवा, थर्मामीटर तेलात, आणि पाणी हळूहळू थंड करत जा, घाईने बर्फ टाकला की आकडा चुकतो. तेल पहिल्यांदा धुरकट दिसेल ते तापमान लिहा, तीनदा करा. जे आधी, म्हणजे जास्त तापमानालाच, धुरकटतं त्यात पामिटिक-स्टिअरिक जास्त असावं, पण हा अंदाजच, खरे टक्के हवे असतील तर गॅस क्रोमॅटोग्राफी (घटक वेगळे करून मोजणारी लॅबमधली तपासणी) करून घ्यावी लागते.

आणि बाटलीवर मार्करने लिहू नका, माझं पहिल्या वर्षी तेलाने सगळं पुसलं गेलं, सहा बाटल्या आणि कुठली कुठली पत्ता नाही. पेन्सिलीने चिठ्ठी लिहून दोऱ्याने गळ्याला बांधा.