खाऱ्या टाकीत रोजची भर गोड्या पाण्याची

मे महिन्यात रत्नागिरीच्या आमच्या घरात पंखा दिवसभर गरगरतो आणि नव्या रीफ टाकीचं (प्रवाळांसाठीच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचं) पाणी रोज बोटभर खाली जातं. समुद्र पाच मिनिटांवर, म्हणून मी कळशीने खारं पाणी आणून ओतत राहिलो. तिथेच फसलो. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. पंधरवड्यात रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.025 चं 1.030 झालं, म्हणजे खारटपणा वाढला आणि गोगलगायी हलेनाशा झाल्या.

आता असं करतो:

1. खारटपणा 1.025 असतानाच पाण्याच्या पातळीवर, काचेला बाहेरून इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी. संप (मुख्य टाकीला जोडलेली, पाणी गाळायची खालची टाकी) असेल तर पट्टी त्या संपच्या काचेला, तीही पंप चालू ठेवून.
2. रोज सकाळी पट्टीपर्यंत आरओचं गोडं पाणी, तांब्याने, हळूहळू. विहिरीचं नको.
3. समुद्राचं पाणी फक्त पाणी बदलताना. तेही भरतीचं, खाडीच्या तोंडापासून लांबचं. पावसाळ्यात ते पातळ होतं. तेव्हा मी अ‍ॅक्वेरियमचं विकतचं मीठच कालवतो.

एक मात्र सांभाळा: ओहोटीला खडपात दिसलेलं प्रवाळ उचलून टाकीत आणू नका. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 चं संरक्षण आहे.