जुना स्नेअर ड्रम घेताय? या चुका टाळा, बॅजवर तर अजिबात जाऊ नका

विंटेज स्नेअर, म्हणजे खालच्या बाजूला तारा लावलेला जुना ड्रम, समोर आला की सगळ्यांची नजर आधी बॅजवर जाते आणि बरेच जण तिथेच फसतात. बॅज म्हणजे कंपनीच्या नावाचा, ग्रोमेटने (भोकात दाबून बसवलेल्या धातूच्या कडीने) लावलेला पातळ पत्रा, एका शेलवरून (ड्रमच्या गोल अंगावरून) काढून दुसऱ्यावर लावणं काही अवघड नाही. बाकी ड्रम गंजलाय आणि ग्रोमेट तेवढं नवंकोरं चकाकतंय, तर समजून जा.

दुसरं खूळ सिरीयल नंबरचं. लुडविग कंपनीच्या ड्रमचा नंबर बघून लोक छातीठोक वर्ष सांगतात, पण फॅक्टरीत बॅज क्रमाने लागायचेच नाहीत, हाताला येईल तो लागायचा, त्यामुळे नंबरवरून फारतर अंदाज बांधता येतो. लाकडी शेलच्या आत शाईने मारलेला तारखेचा शिक्का असेल तर तो जास्त भरवशाचा, म्हणून आत पुसापुशी करू नका प्लीज.

आता मेटल शेल. सोबत लोहचुंबक न्या असं सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, चिकटला तर स्टील. पण नाही चिकटला म्हणजे लगेच ब्रास समजून पैसे मोजायचे नाहीत, कारण अॅल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. लुडविगच्या सुप्राफोनिक मॉडेलमध्ये हा घोळ हमखास होतो: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचे काही ब्रासवर क्रोम असलेले, नंतरचे अॅल्युमिनियमवर, आणि दिसायला सारखेच. थ्रो-ऑफचा (तारा ताणायच्या-सोडायच्या खटक्याचा) एक स्क्रू काढून भोकाची कड टॉर्चने बघा, पिवळी दिसली तर ब्रास, पांढरट राखाडी दिसली तर अॅल्युमिनियम. क्रोमला फोड येऊन पापुद्रे निघत असतील तर तेही बहुतेक अॅल्युमिनियमचंच लक्षण. आवाजाला त्याने फारसा फरक पडत नाही, भाव पाडायला मात्र मस्त कारण आहे 😄

वरचं हेड (वाजवायचा पडदा) काढून आत बघितल्याशिवाय व्यवहार करूच नका. विकणारा नको म्हणाला तर सरळ निघा. जास्तीची भोकं, बुजवलेली भोकं, थ्रो-ऑफच्या मागे दुसऱ्याच कुठल्या तरी थ्रो-ऑफच्या खुणा, सगळं तिथे दिसतं. स्लिंगरलँड कंपनीचा रेडिओ किंग म्हणून विकायला आलेला असेल तर शेल एकसंध मेपलचं आहे की प्लायचं (लाकडाचे थर चिकटवलेलं) ते नीट बघा, त्या नावाखाली दोन्ही निघालेत आणि किमतीत बराच फरक आहे.

घरी आणल्यावर नवीन हेड बसेना? शेल वाकडं झालंय का ते आधी तपासा, तीन-चार दिशांनी व्यास मोजा. सगळीकडे सारखा आला तर बहुतेक शेल कातडी हेडच्या काळातलं असणार, प्लास्टिकची हेडं १९५७ च्या आसपास बाजारात आली आणि त्याआधीची शेलं बऱ्याचदा किंचित मोठी असायची. शेल घासायला जाऊ नका, अशा शेलसाठी जरा मोठ्या मापाची हेडं मिळतात.

आणि खालच्या कडेला समोरासमोर दोन जागी उतार दिसला तर ती झीज नव्हे, तो स्नेअर बेड, मुद्दाम केलेला असतो. कड सपाट करून घ्यायची म्हणून लोक तो घासून टाकतात आणि मग खालच्या तारा नीट टेकत नाहीत, गुणगुणत राहतात, कितीही ट्यून करा.