मुलांसोबत पहिलं कॅम्पिंग: रात्रीची रडारड दुपारीच ठरते, या चुका टाळा

आमची पहिली ट्रिप झाली तेव्हा मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा पावणेतीनचा. निघायचं सकाळी दहाला ठरलेलं, निघालो दीडला, मॅप चार तास दाखवत होता म्हणजे साडेपाचला पोचू असा हिशोब. पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. मुलगा शेवटच्या अर्ध्या तासात गाडीत झोपला होता, इंजिन बंद झालं तसा दचकून उठला, नवरा मोबाइलच्या उजेडात टेंटचे पोल जोडतोय, मी मुलाला कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने तो मोबाइल धरलाय आणि मुलगी दर मिनिटाला विचारतेय की घरी कधी जायचं. टेंट उभा राहायला तासाच्या वर गेला, मग जेवण, मग कपडे बदलणं, आणि तोवर दोघंही इतकी दमलेली की झोपच येईना.

त्यानंतर बऱ्याच वेळा गेलो, बरोबर नवीन कुटुंबंही आली, आणि दरवेळी एकच दिसलं की रात्री दोन वाजता जे बिघडतं त्याचं कारण दुपारी दोनला घडलेलं असतं. म्हणून सगळ्यात आधी उशिरा पोचण्याबद्दल सांगते, कारण बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून येतात.

मॅपवरचा वेळ खरा मानणं

मॅपवरचा वेळ हा न थांबता चालवणाऱ्याचा असतो. लहान मुलं बरोबर असली की दर दोन तासांनी थांबावंच लागतं, आणि तान्हं बाळ असेल तर दोन तासांपेक्षा जास्त सलग कार सीटमध्ये ठेवूही नये, तशा अर्धवट बसलेल्या स्थितीत त्याची मान पुढे पडून श्वासाला अडथळा येऊ शकतो. शिवाय थांबलं की ते दहा मिनिटांचं थांबणं नसतं, शू, डायपर, पाणी, थोडं पळणं यात अर्धा तास सहज जातो. मी आता मॅपच्या वेळेत सरळ निम्मा वेळ अजून मिळवते, म्हणजे चार तासांचे सहा, आणि सूर्यास्ताच्या तीन तास आधी पोचायचं असं धरून उलटी मोजणी करते. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वेळी चार तास लांब जाऊच नका. घरापासून दीड-दोन तासांवरची जागा घ्या, एकच रात्र राहा. मनात असलेली सुंदर जागा तिसऱ्या ट्रिपला बघता येते.

गाडीतल्या चुकांपैकी उलटीची सगळ्यात जास्त विचारतात. गाडी लागण्याचा त्रास 2 ते 12 या वयात जास्त असतो. आतल्या कानाला हलणं कळतंय आणि डोळे मात्र स्थिर स्क्रीनवर किंवा पुस्तकावर, या गोंधळातून मळमळ होते. म्हणजे मूल शांत बसावं म्हणून आपण जो फोन हातात देतो तोच वळणांच्या रस्त्यावर घात करतो. लांबचं बाहेर बघायला लावा, खिडकी थोडी उघडा, गाणी आणि गोष्टी ऐकवा, पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको. मूल अचानक गप्प झालं, जांभया द्यायला लागलं, चेहरा पांढरा पडला की लगेच गाडी बाजूला घ्या, तेव्हा हाताशी दोन मिनिटंच असतात. औषध द्यायचं असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारूनच.

थंडीत जाताना मुलाला जाड फुगीर जॅकेट घालून कार सीटचे पट्टे लावणं ही पण मोठी चूक, कारण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टे, वरून पांघरूण. आणि सामान उतरवताना 'दोनच मिनिटं' म्हणून झोपलेल्या मुलाला बंद गाडीत ठेवू नका. बाहेर हवा बरी वाटत असली तरी उन्हातल्या बंद गाडीत 10 मिनिटांत तापमान 10 अंशांच्या आसपास वाढतं आणि मुलांचं शरीर आपल्यापेक्षा खूप लवकर तापतं.

टेंट पहिल्यांदा तिथेच उघडणं

नवीन टेंट आणला की आठवडाभर आधी घरीच एकदा उभा करा, गच्चीवर, अंगणात, नाहीतर हॉलमध्ये. सगळे पोल आणि पेग (टेंट जमिनीला धरून ठेवणारे खिळे) आहेत का ते कळतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलांना तो ओळखीचा होतो. एक दुपारची झोप त्यात काढू द्या. पहिल्या ट्रिपला मुलासाठी जागा नवी, अंधार नवा, आवाज नवे, अंथरूण नवं, निदान टेंट तरी जुना असू दे.

साइजचं पण नीट समजून घ्या. टेंटवर '4 जणांसाठी' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ चार मॅट एकमेकांना चिकटून मावतात एवढाच, सामान आणि पाय झाडणारी मुलं त्यात धरलेली नसतात. चौघांच्या कुटुंबाला सहा जणांचा घ्या.

जागा बघताना सपाट आणि आजूबाजूपेक्षा किंचित उंच जमीन शोधा. मऊ खोलगट जागा मोहात पाडते पण पाऊस आला की पाणी तिथेच जमतं, आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर अजिबात नको, वर लांब कुठे पाऊस पडला तरी पाणी अचानक येऊ शकतं. एकदा मान वर करून झाडाकडेही बघा, वाळकी फांदी लटकत असेल तर तिथून हला. पेग तिरका ठोका, वरचं टोक टेंटपासून लांब झुकलेलं, आणि दोऱ्यांना काहीतरी पांढरं किंवा चमकणारं बांधा. मुलं टेंटभोवती पळतातच आणि त्या दोऱ्या त्यांच्या बरोबर नडगीला लागतात. टेंट मात्र गाडीत सगळ्यात शेवटी भरा म्हणजे तो आधी हाताला येईल, आमचा डिक्कीच्या तळाशी होता आणि त्या रात्री सगळं सामान अंधारात जमिनीवर काढावं लागलं.

वरून पांघरूणं, खालून काहीच नाही

याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मुलं रात्री उठतात त्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्या रात्री मी मुलांवर दोन-दोन पांघरूणं घातली होती. दोनच्या सुमाराला मुलगा कण्हायला लागला, कपाळाला हात लावला तर ठीक, पोट गरम, आणि पाठीखाली हात घातला तर कापड बर्फासारखं गार. थंडी वरून येतच नव्हती, जमीन अंगातली ऊब ओढून घेत होती. स्लीपिंग बॅग आपल्या वजनाखाली दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि खालच्या बाजूला ती जवळपास निरुपयोगी होते. म्हणून खालची मॅट वरच्या पांघरूणाइतकीच महत्त्वाची, फोमची घ्या आणि वाटलं तर एकावर एक दोन घाला. हवेची मोठी गादी मऊ असते पण आतली हवा गार पडून फिरत राहते, तिच्यावरही फोम किंवा जाड ब्लँकेट अंथरावंच लागतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हवेच्या गादीवर झोपवू नका, आणि त्याच्यावर सुटी पांघरूणं किंवा मोठ्यांची स्लीपिंग बॅगही नको, तोंडावर आली तर त्याला बाजूला करता येत नाही. बाळाच्या मापाची अंगात घालायची झोपेची बॅग मिळते, ती वापरा.

झोपताना दिवसभराचे कपडे अंगावर ठेवू नका. कोरडे वाटतात पण घामाने दमट असतात, आणि दमट सुती कपडा पहाटे अंगाला गार लागतो. रात्रीचा एक जोड, मोज्यांसकट, वेगळ्या पिशवीत कोरडा ठेवायचा आणि ती पिशवी आणीबाणी आल्याशिवाय उघडायची नाही. उंचावर जाणार असाल तर दर 1000 मीटरला तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं हे धरून चाला, घरचं हवामान बघून कपडे भरू नका.

आता उलट चूक. थंडी वाजते म्हणून टेंटच्या सगळ्या चेन गच्च बंद करणं. पहाटे मुलीने भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "आई, आत पाऊस पडतोय." टेंट गळत नव्हता, चौघांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून पाणी झालं होतं आणि तेच ठिबकत होतं. वरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवा आणि अंथरुणं भिंतीला टेकू देऊ नका.

आणि ऊब हवी म्हणून शेगडी, निखारे किंवा गॅसचा स्टोव्ह टेंटमध्ये किंवा टेंटच्या पडवीत कधीच नेऊ नका, 'आता विझलीय' म्हणूनही नाही. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस जागाच होत नाही. अशी माणसं दगावलेली आहेत. फारच गारठलं तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून अंथरुणात ठेवा, मूल आत शिरायच्या आधी काढून घ्या.

शेकोटी विझली म्हणजे संपली असं धरणं

पेटलेल्या शेकोटीजवळ सगळेच सावध असतात. धोका दुसऱ्या दिवशी सकाळी असतो, जेव्हा वर नुसती राखाडी राख दिसते, मोठे आवराआवरीत असतात आणि मूल अनवाणी तिकडे जातं. राखेखाली निखारे रात्रभर धगधगत राहू शकतात. त्यावर माती किंवा वाळू टाकणं तर आणखी वाईट, उष्णता आत कोंडून राहते आणि वरून काही कळतही नाही. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा, ऊब लागत असेल तर अजून पाणी. भाजलंच तर साधं गार पाणी 20 मिनिटं सोडायचं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, आणि फोड मोठा असेल किंवा चेहरा, हात यावर असेल तर थेट डॉक्टर.

जेवणाचं थोडक्यात सांगते. पहिल्या ट्रिपला तिथे नवीन काही शिजवायचा घाट घालू नका, मुलं घरी आनंदाने खातात तेच घरून करून न्या, फक्त गरम करायचं. खाणं टेंटमध्ये ठेवू नका, मुंग्यांपासून मोठ्या जनावरांपर्यंत सगळ्यांना वास जातो, गाडीत बंद करून ठेवा. पिण्याच्या पाण्याची खात्री नसेल तर खळखळून 1 मिनिट उकळा, 2000 मीटरच्या वर असाल तर 3 मिनिटं.

डासांचं औषध लावताना वय बघा. डीट (लेबलवर DEET) असलेलं औषध 2 महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही, लेमन युकॅलिप्टसच्या तेलाचं 3 वर्षांच्या आत नाही, आणि कुठलंही मुलांच्या हातांना लावू नका कारण हात तोंडात जातात. सनस्क्रीन लावायचं असेल तर आधी ते, मग डासांचं.

रात्रीच्या शूचा विचार आधीच करून ठेवा. टेंटच्या पडवीत छोटी पॉटी ठेवली की अंधारात लांब चालत जावं लागत नाही आणि बाकीचेही उठत नाहीत. प्रत्येक मुलाला स्वतःचा टॉर्च द्या, स्वतःचाच, सामाईक नको, भीती निम्मी होते हे मी दोन्ही मुलांत बघितलंय. गळ्यात एक शिट्टी, हरवलं तर जिथे आहेस तिथेच थांबायचं आणि तीनदा वाजवायची, हा खेळ पोचल्या पोचल्या खेळून घ्या. दोरी मात्र ओढली की सुटणारी हवी आणि झोपताना शिट्टी काढून ठेवायची. जवळ पाणी असेल, मग ते गुडघाभर का असेना, एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवाच. बुडणारं मूल ओरडत नाही.

परत फिरण्याला हार समजणं

वीज चमकली आणि 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर टेंट सोडून सगळ्यांनी गाडीत बसायचं, काचा बंद. टेंट विजेपासून काहीच वाचवत नाही, पत्र्याच्या छताची गाडी वाचवते. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तरी बाहेर यायचं नाही. मूल न थांबता थरथरतंय, सुस्त पडलंय, किंवा ताप आणि उलट्या होतायत, तर सकाळची वाट बघू नका. आणि यातलं काहीच नसेल, नुसतं मूल दोन तास रडतंय आणि शांत होत नाहीये, तरी घरी जाणं हा चांगला निर्णय आहे, म्हणून तर जागा जवळची घ्यायची. फक्त गाडी चालवणारा झोपेत असेल तर निघू नका, गाडीच्या सीटवर मुलांना जवळ घेऊन उजाडायची वाट बघा, इंजिन बंद आणि काच थोडी खाली.

घरी आल्यावर दमलो म्हणून ओला टेंट पिशवीत तसाच ठेवला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि तो वास मग जात नाही. त्याच दिवशी उघडा. आमचा तेव्हा दोन दिवस हॉलमध्ये उभा होता, आणि ज्या मुलाने त्यात रात्रभर झोपायला नकार दिला होता तो दोन्ही रात्री आपली उशी घेऊन त्यातच झोपला.