मलेरियाच्या गोळ्या: घरी परत आल्यावरच्या 28 आधी मोजा

घानाहून परत येऊन सोळा दिवस झाले होते आणि अशी हुडहुडी भरली की अंगावर दोन ब्लँकेटं असूनही दात वाजत होते. रक्ताचा रिपोर्ट आला, फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात धोकादायक प्रकार. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात डॉक्सीसायक्लिनच्या, म्हणजे मलेरिया होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या, 23 गोळ्या तशाच पडून होत्या. परत आल्यावर 28 घ्यायच्या होत्या, पाच घेतल्या आणि बंद केल्या, कारण ट्रिप संपली, आता इथे कुठे तो डास असं वाटलं. आता पुन्हा जायचंय म्हणून सगळं नीट लिहून काढतोय, आणि जे मी चुकवलं ते परत परत येईल, कंटाळा आला तरी वाचा.

पासपोर्ट, तिकीट, इन्शुरन्स तुम्हाला माहीत आहेच. डॉक्टरांकडे मात्र निघायच्या सहा आठवडे आधी जा, चार तरी. उशीर झाला असेल तरीही जा, काही ना काही करता येतंच. जाताना पूर्ण रूट लिहून न्या, ट्रान्झिटसकट, शहरात राहणार की खेडेगावात तेही. यलो फिव्हर हाही डासांमुळे होणारा आजार, त्याची लस सरकारमान्य सेंटरवरच मिळते आणि लस घेतल्याचं सर्टिफिकेट लस घेतल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून घेतलीत तर एअरपोर्टवर त्याचा उपयोग नाही. एक डोस आयुष्यभर चालतो, 2016 पासून तसा नियमच आहे, जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी. काही देश तुम्ही यलो फिव्हरच्या देशातल्या एअरपोर्टवर 12 तासांपेक्षा जास्त थांबलात तरी सर्टिफिकेट मागतात, त्यामुळे ट्रान्झिट बघाच. ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून साठीच्या पुढचे, गरोदर बायका, नऊ महिन्यांच्या आतली बाळं, प्रतिकारशक्ती कमी असलेले, अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असलेले, यांनी आधी डॉक्टरांशी स्पष्ट बोलायचं. कार्डावरचं नाव पासपोर्टशी जुळतंय ना ते तिथेच उभं राहून तपासा.

भाताच्या शेतांजवळ, डुकरं पाळतात अशा भागात महिनाभर राहणार असाल तर जपानी एन्सेफलायटिसची (डासांमुळे होणारा मेंदूज्वर) लस विचारा, नेहमीचे दोन डोस 28 दिवसांच्या अंतराने असतात. डेंग्यूची लस काही देशांत मिळते, तिचे दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने, म्हणजे आयत्या वेळी जमणारच नाही. झिका हाही डासांमुळे पसरणारा विषाणू, पोटातल्या बाळाला धोक्याचा, आणि त्यावर लस नाही. गरोदर असाल किंवा लवकरच मूल हवं असेल तर झिका असलेल्या ठिकाणी जाण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण तो शरीरसंबंधातूनही पसरतो आणि पुरुष परत आल्यावर तीन महिने काळजी घ्यायला सांगतात.

आता मलेरिया. प्रवाशांसाठी मलेरियाची लस नाही. ज्या दोन लसी आल्यात त्या मलेरियाच्या भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहेत. आपल्याकडे आहेत त्या गोळ्या. माझा हिशोब बघा: निघायच्या आधी 2 दिवस, तिथे 12 दिवस, परत आल्यावर 28 दिवस, एकूण 42 गोळ्या. म्हणजे 42 मधल्या 28 घरी बसून घ्यायच्या! मला कुणी असं मोजून दाखवलं असतं तर मी थांबलो नसतो. कारण असं की डास चावल्यावर जंतू आधी लिव्हरमध्ये जाऊन बसतो, आठवडाभर किंवा जास्तच, आणि तिथे डॉक्सीसायक्लिन त्याला मारत नाही, तो रक्तात उतरला की मारते. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा जंतू तुम्ही घरी आल्यावर रक्तात उतरणार, आणि तेव्हा गोळी चालू नसेल तर त्याला अडवायला कुणी नाही. मेफ्लोक्विन ही दुसरी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण तीही परत आल्यावर चार आठवडे, आणि मानसिक त्रासाची हिस्ट्री असेल तर नको. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही तिसरी गोळी लिव्हरमध्येही काम करते म्हणून परत आल्यावर 7 दिवस पुरतात, पण सात म्हणजे सातच. गोळी कुठलीही असो, विकत घेताना परतीनंतरच्या गोळ्या वेगळ्या पाकिटात काढा, वर तारखा लिहा, आणि शेवटच्या तारखेपर्यंतचा अलार्म आजच लावा. डॉक्सीसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिका भाजल्यासारखी होते. उन्हात त्वचा पटकन जळते. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. लहानपणी मलेरिया होऊन गेलाय म्हणून आता होणार नाही, हे मनातून काढून टाका.

रिपेलंट, म्हणजे अंगाला लावायचं डास पळवणारं औषध, 20 ते 30 टक्के डीईईटी किंवा 20 टक्के पिकारिडिनचं. आधी सनस्क्रीन, मग रिपेलंट. डीईईटीने चष्म्याची फ्रेम आणि घड्याळाचा प्लास्टिक पट्टा खराब होतो, हात पुसून मगच त्यांना हात लावा. कपड्यांवर परमेथ्रिन (कीटकनाशक) मारायचं असेल तर आधीच मारून वाळवा, घरात मांजर असेल तर तिच्यापासून लांब. मच्छरदाणी औषध लावलेली, कडा गादीखाली खोचायच्या. फक्त मच्छरदाणीवर राहू नका, डेंग्यू, झिका, यलो फिव्हरचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस रात्री.

तिथे गेल्यावर लांब बाह्या, फुल पँट, रोज एकाच वेळी गोळी. ताप आला तर पॅरासिटामॉलच, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.

परत आलात? गोळ्या चालू. बॅग रिकामी केलीत, कपडे धुवायला टाकलेत, ऑफिसला गेलात, गोळ्या चालू. मळमळतंय म्हणून स्वतःच बंद करू नका, डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे गेला होतात ते पहिल्या वाक्यात सांगा. मी ते सांगितलंच नव्हतं, दोन दिवस व्हायरल समजून गेले, आणि फाल्सिपेरममध्ये दोन दिवस फार असतात. रक्तदान सध्या नको. पाकीट उघडा, आजची गोळी घेतली का बघा.