पावसात सांबर-भेकरांचा माग कसा काढावा

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबर, भेकर, चितळ आणि पिसुरी (सशाएवढे लहान हरीण) या सर्वांच्या शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्यामुळे पुढील मार्गदर्शन माग काढून प्राणी डोळ्यांनी पाहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. पावसात माग धुऊन जातात, म्हणून जून ते सप्टेंबर जंगलात फिरण्यात अर्थ नाही, असा सल्ला गोव्यात सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत जांभ्याची जमीन इतकी टणक असते की तिच्यावर सांबराचा खूरही धड उमटत नाही. तीच जमीन पावसाळ्यात खूर तर दाखवतेच, शिवाय प्राणी तेथून केव्हा गेला हेही सांगते.

म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव किंवा बोंडला यांपैकी कोणत्याही अभयारण्यात जाण्यापूर्वी वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी आणि त्या गावचा जाणता माणूस सोबत ठेवावा. जळवांसाठी मीठ, बुटांत खोचलेली विजार आणि वाटेवरील फांदीला हात लावण्यापूर्वी तिच्यावर चापडा (विषारी साप) नाही ना हे पाहण्याची सवय एवढे पुरेसे आहे. व्हाळ (ओढा) मात्र विचार करूनच ओलांडावा, कारण आपल्या डोक्यावर थेंबही पडत नसताना घाटमाथ्यावर कोसळलेल्या सरीचे पाणी काही मिनिटांत वाट बंद करते.

प्लॅस्टिकचा रेनकोट घालू नये. प्रत्येक पावलाला होणारी त्याची सळसळ निसर्गातल्या कोणत्याही आवाजासारखी नसते आणि भेकर ती आपण दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकते. घोंगडी किंवा जाड, मऊ सुती कपडा भिजतो, परंतु आवाज करत नाही. भिजण्याची तयारी नसेल, तर पावसाळी माग काढण्याच्या फंदात पडू नये.

वाऱ्याचा विचार निघण्यापूर्वीच करावा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः समुद्राकडून, पश्चिम आणि नैऋत्येकडून वाहतो, तर जंगलात शिरणारे बहुतेक रस्तेही पश्चिमेकडूनच जातात. वाळपईहून किंवा सांग्याहून घाटाकडे निघालेला माणूस त्यामुळे वारा पाठीवर घेऊन चालतो आणि त्याचा वास त्याच्या आधी पोहोचतो. शक्य असेल तेथे आधी वरच्या अंगाला जावे आणि मग पश्चिमेकडे तोंड करून खाली उतरावे. दरीत वारा वळतो, म्हणून धुके कोणत्या बाजूला सरकते आहे याकडे अधूनमधून लक्ष ठेवावे.

खूर ओळखणे सोपे आहे. सांबराचा ठसा पुढे निमुळता आणि साधारण सहा ते आठ सेंटिमीटर लांब, भेकराचा त्याच्या जवळपास निम्मा, पिसुरीचा अंगठ्याच्या नखाएवढा. गुरांचा ठसा गोलसर असतो. रानडुकराच्या ठशामागे बाहेरच्या अंगाला दोन लहान खुरांच्या खुणा बहुधा दिसतात. खोल चिखलात मात्र सांबराचेही मागचे लहान खूर उमटतात, म्हणून तेथे घाईने निर्णय करू नये.

खरी कसोटी ठशाचे वय ठरवण्यात आहे. बहुतेकांची दिवसभराची पायपीट येथेच वाया जाते. मलाही हे जमायला फार काळ लागला. पहिला नियम असा की शेवटची जोराची सर केव्हा थांबली ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशोब त्या वेळेपासून मांडायचा असतो. उघड्या वाटेवरच्या ठशाच्या तळाशी थेंबांचे बारीक खळगे असतील, तर प्राणी सर थांबण्यापूर्वी गेला आहे. आजूबाजूच्या मातीवर खळगे आहेत आणि ठशाचा तळ मात्र गुळगुळीत आहे, असे दिसल्यास तो सर थांबल्यानंतरच गेला आहे. हा नियम झाडाखाली वापरू नये. पाऊस थांबल्यावरही पानांवरून बराच वेळ पाणी ठिबकत राहते आणि ते थेंब ताज्या ठशातही खळगे पाडतात. असे खळगे मोठे, विरळ आणि पुन्हापुन्हा त्याच जागी पडलेले असतात, पण हा फरक डोळ्यांत बसेपर्यंत झाडाखालच्या ठशावर विसंबूच नये.

दुसरी खूण ठशात साचलेल्या पाण्याची. शेजारच्या डबक्यातले पाणी निवळलेले आणि ठशातले तांबडे गढूळ असेल, तर प्राणी नुकताच पुढे गेला आहे. ‘नुकताच’ म्हणजे किती, हे त्या जागेची माती ठरवते. चिकणमातीत गढूळपणा फार वेळ टिकतो, तर वाळूसर गाळात तो लवकर खाली बसतो. म्हणून पुस्तकी आकडे पाठ करण्याऐवजी ठशाशेजारी, तितक्याच ओल्या मातीत, आपली दोन बोटे दाबून स्वतःचा ठसा उमटवावा आणि तेथेच बसून तो पाहावा. कडा केव्हा ढासळतात, पाणी केव्हा निवळते, कोवळे गवत पुन्हा केव्हा उभे राहू लागते, हे पाहिले की खुराच्या ठशाशी तुलना करता येते. वेळ वाया जातो म्हणून ही पायरी गाळणारे लोक सकाळभर कालच्या सांबरामागे चालतात.

गवतही वाचावे. रिमझिम थांबल्यावर प्रत्येक पात्यावर थेंब लटकलेले असतात आणि सारा उतार रुपेरी दिसतो. त्यातून प्राणी गेला असेल, तर थेंब झडून गर्द हिरवा पट्टा उमटतो. वाकून, उजेडाच्या दिशेला तोंड करून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही, आणि पुढची सर आली की नाहीसा होतो. असा पट्टा आणि तळ गुळगुळीत असलेला ठसा एकत्र मिळाल्यास प्राणी जवळच आहे असे समजून पाऊल थांबवावे. फक्त लेंड्यांवर भरवसा ठेवू नये, कारण कोवळा चारा खाऊन त्या एकमेकींना चिकटतात आणि पावसात लवकर विरघळतात.

यानंतर चालणे बंद. ओल्या पाचोळ्यावर आवाज होत नाही म्हणून पुढे सरकत राहा, हा दुसरा घातक सल्ला आहे. आवाज झाला नाही तरी हालचाल दिसतेच. रानाच्या कडेला, कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या अंगाला किंवा मोकळवनाजवळ बुंध्याला टेकून बसावे. जोराच्या वाऱ्या-पावसात प्राणी आडोशाला थांबतात, कारण त्या गदारोळात त्यांना धोक्याची चाहूल लागत नाही. सर ओसरल्यावर ते चरण्यासाठी उघड्यावर येतात, आणि पाहणाऱ्याने वाट पाहायची ती याच वेळेची. भेकर भुंकल्यासारखे ओरडू लागले किंवा सांबराने पाय आपटून मोठी हाक दिली, तर स्तब्ध राहावे. ते आपल्याकडे पाहत असेल, तर ती जागा त्या दिवसापुरती सोडावी. दुसरीकडे पाहत असेल, तर बिबट्या जवळ असू शकतो, म्हणून सोबत्याला खूण करून आलेल्या वाटेने मागे फिरावे. गवतात एकटे पडलेले पिल्लू दिसल्यास त्याला हात लावू नये. आई जवळच चरत असते.

वाटेत तारेचा फास आढळल्यास जागा नीट लक्षात ठेवून तो वनरक्षकाला दाखवावा. पावसाच्या आवाजात बंदुकीचा बार दबतो आणि चोरटे शिकारी त्याचा फायदा घेतात. त्यामुळे सांबरांची नेहमीची उतरण सापडली, तर ती वहीत लिहावी आणि वनखात्याला कळवावी. छायाचित्र प्रसिद्ध करताना व्हाळाचे किंवा वाड्याचे (वस्तीचे) नाव मात्र देऊ नये.